हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे, पण नियमच बदलत राहिले तर?

स. न. वि. वि.

बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीला हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे आहे. परंतु हवाई क्षेत्राचे नियम वारंवार बदलत असल्याने आकाशात दोन विमानांची टक्कर होईल आणि तिचा दोष मुलीच्या माथी येईल, अशी भीती आपण पत्रात मांडली आहे. ती अनाठायी नाही.

मात्र हे नियम बहुधा धोका कमी करण्यासाठीच बदलले जातात, आणि दुःखाची गोष्ट अशी की कित्येकदा ते माणसे गेल्यावर बदलतात. १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने आदळून १२८ जण दगावले, आणि दोनच वर्षांत अमेरिकेने हवाई वाहतुकीचा कायदा नव्याने केला. २००२ मध्ये जर्मनीतील उबरलिंगनजवळ, रात्री, एका विमानातील टक्करविरोधी यंत्रणा 'वर जा' सांगत असताना जमिनीवरच्या नियंत्रकाने 'खाली उतरा' असा आदेश दिला. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, दुसरे विमान आपल्या यंत्रणेप्रमाणे खालीच येत होते, आणि ७१ जणांचा अंत झाला. त्या वेळी तो नियंत्रक एकटाच दोन जागांचे काम पाहत होता, हेही मुलीला जरूर सांगावे. अशा प्रसंगी यंत्रणेचाच आदेश पाळायचा, हे त्यानंतर निःसंदिग्ध शब्दांत नियमात आले. म्हणजेच, वैमानिकाने यंत्रणेचा आदेश मिळाल्याचे कळवले की नियंत्रकाने त्या विमानाचा मार्ग बदलू पाहायचा नाही. ऐन संकटात आपला आदेश आवरता घेणे हे, माझ्या मते, या पेशातील सर्वांत अवघड कौशल्य आहे.

जुने नियम जाऊन नवे येतानाच्या संक्रमणकाळात गोंधळ होईल, ही आपली शंका मात्र रास्त आहे. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमधले उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आणले गेले. पण त्यासाठी मान्यता नसलेल्या विमानाला आजही २,००० फूट द्यावे लागतात. एकाच पडद्यावर दोन्ही हिशेब सांभाळायचे, आणि तेही जुनी सवय मध्ये येऊ न देता.

म्हणून मुलीच्या गुणांइतकेच तिच्या स्वभावाकडे पाहावे. खेळाचे किंवा कामाचे नियम मध्येच बदलले, तर ती गोंधळते, अडून बसते, की शांतपणे नवी घडी बसवते? आपली चूक ती ताबडतोब कबूल करते का? आंतरराष्ट्रीय निकषांनुसार या परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे, तृतीय श्रेणीचे (म्हणजे नियंत्रकांसाठी ठरवलेल्या प्रकारचे) वैद्यकीय प्रमाणपत्र आणि भाषाप्रावीण्याची सहापैकी किमान चौथी पातळी लागते. दृष्टी, रंगओळख व श्रवण यांची तपासणी आत्ताच करून घ्यावी, कारण तिथे अडचण निघाली तर हवाई मार्गांची आखणी किंवा अपघात-अन्वेषण या जवळच्या वाटांचा विचार वेळेवर करता येईल. तपासणीचा निष्कर्ष आणि वरच्या दोन प्रश्नांची तिने स्वतः लिहिलेली उत्तरे मला पाठवावीत.

आपला,
करिअर मार्गदर्शक