ठिपका सरकला, म्हणजे वेस्टाच

प्रश्न : वेस्टा हा लघुग्रह म्हणे नुसत्या डोळ्यांनी दिसतो. खरं का? तो शोधला कोणी?

उत्तर : दिसतो, पण तो पृथ्वीच्या जवळ आलेला हवा आणि आकाश खरोखर काळं हवं. मी गच्चीवरून साध्या बायनॉक्युलरने पाहिला. आजूबाजूच्या चांदण्या वहीत टिंबांनी मांडून ठेवल्या. तिसऱ्या रात्री एकच टिंब जागचं हललेलं. (पहिल्या रात्री भलत्याच ताऱ्यावर खूण केली होती, ते सोडा.)

जर्मनीतल्या ब्रेमेनच्या हाइनरिश ओल्बर्स यांना तो २९ मार्च १८०७ रोजी सापडला. पेशाने डॉक्टर, दिवसा रोगी, रात्री आकाश. नाव सुचवलं गणितज्ञ गाउसनी. व्यास सरासरी ५२५ किलोमीटर, स्वतःभोवती गिरकी साडेपाच तासांच्या आतच.

खरी गंमत दक्षिण टोकाला. २०११-१२ मध्ये ‘डॉन’ यानाने तिथलं धडकेने पडलेलं विवर जवळून मोजलं : रुंदी सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे जवळपास वेस्टाएवढीच! अशा धडकांत उडालेले तुकडे अशनी होऊन पृथ्वीवरही पडलेत. त्यातले काही चक्क बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचे लांबचे भाऊबंद.