क्वारंटाईन, आयसोलेशन, सेग्रेगेशन: तिन्हींना 'विलगीकरण' चालेल का?

प्लेगच्या काळातले इंग्रजी सरकारी अहवाल मराठीत आणताना एका अनुवादकाला पडलेला हा प्रश्न. क्वारंटाईन, आयसोलेशन आणि सेग्रेगेशन हे तिन्ही शब्द त्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. तिघांनाही 'विलगीकरण' लिहिलं तर काय बिघडतं? आणि क्वारंटाईनसाठी आपला 'सुतक' का वापरू नये?

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या दोनच वर्षांत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांचा मुंबईवरचा अहवाल आणि सनदी अधिकारी नेथन यांनी सिमल्याहून काढलेले 'द प्लेग इन इंडिया'चे खंड छापले गेले. हे कागद वाचताना माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: इथे अडवलंय कुणाला? ज्याला गाठ आली, ताप चढला, त्याला इस्पितळात वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. त्याच्या घरातली धडधाकट माणसं छावणीत नेणं म्हणजे सेग्रेगेशन. आणि बाहेरून आलेलं जहाज, त्यावरचे प्रवासी ठरावीक दिवस बंदराबाहेर थोपवणं म्हणजे मूळ अर्थाचं क्वारंटाईन. पुण्यात १८९७ साली लोक चिडले, त्यात घरझडतीइतकाच या छावण्यांचा वाटा होता. आजारी नसलेल्या माणसाला घरातून उचललं जात होतं. तिथे नुसतं 'विलगीकरण' लिहिलं, तर तो राग कशाचा होता तेच वाचकाला कळणार नाही.

शब्दांची मुळं पाहिली तरी तीन वेगळी चित्रं दिसतात. आयसोलेशनमागे लॅटिन 'इन्सुला', म्हणजे बेट. सेग्रेगेशनमागे 'ग्रेक्स', म्हणजे कळप. त्यातून एकाला बाजूला काढायचं. क्वारंटाईनमागे मात्र निव्वळ आकडा आहे. आड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुझाने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर ठेवायचं ठरवलं. पुढे मुदत ४० दिवसांची झाली आणि व्हेनिसच्या बोलीतला चाळिसाचा शब्द जगभर गेला. हा 'क्वारांता' आणि आपला 'चाळीस' लांबचे भाऊ आहेत. एक लॅटिनमधून आला, दुसरा संस्कृत 'चत्वारिंशत्'मधून. मला हे नातं फार आवडतं, कारण मोजलेले दिवस हाच या शब्दाचा प्राण आहे. २०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात डाव्या हातावर मारलेला 'होम क्वारंटाईन'चा शिक्का आठवा. त्यावर तारीख होती, कारण ती सुटण्याची तारीख होती.

आता सुतकाबद्दल. ही सूचना मी झटकून टाकणार नाही. सुतकातही दिवस मोजलेले असतात, आणि ते येतं ते ज्याला काही झालेलं नाही अशा नातेवाइकाला, केवळ संबंधामुळे. रचना हुबेहूब तीच. पण सुतकाचा संबंध मरणाच्या अशौचाशी आहे, रोगाच्या फैलावाशी नाही. घरी थांबलेल्या निरोगी माणसाला 'सुतकात आहे' म्हटलं की त्याच्या घरात मर्तिक झालं असंच कुणीही समजेल. वर विटाळाची छाया येते ती वेगळीच. साथीच्या दिवसांत लोक एकमेकांना वाळीत टाकायला आधीच टपलेले असतात. भाषेने त्याला हातभार लावू नये. हिंदीतला 'संगरोध' सरकारी पाट्यांवर आहे, पण तो रोपं आणि जनावरं यांच्यापुरताच शोभतो, माणसाच्या तोंडी बसत नाही.

मी स्वतः अनुवादात आयसोलेशनला 'विलगीकरण', सेग्रेगेशनला 'अलगीकरण' घेईन आणि क्वारंटाईन तसाच ठेवीन. तो आता मराठीत पुरता रुळलाय, त्याला मराठी प्रत्ययही लागतात: 'क्वारंटाईनमध्ये', 'क्वारंटाईनचे दिवस'. करोनाच्या काळात 'गृह विलगीकरण', 'संस्थात्मक विलगीकरण' हे प्रयोग आयसोलेशन आणि क्वारंटाईन अशा दोन्ही अर्थांनी फिरले हे खरं, पण जुन्या कागदांचा अनुवाद करताना तो घोळ मागे नेण्याचं कारण नाही.

एक ठिकाण खास जपा. ४ फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा, जो आपल्याकडे १३ मार्च २०२०ला पुन्हा लागू झाला, त्याच्या मूळ मजकुरात क्वारंटाईन हा शब्दच नाही. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि लागण झाल्याचा संशय असलेल्यांचं 'सेग्रेगेशन' असं त्यात आहे. त्या कलमाच्या अनुवादात 'क्वारंटाईन' लिहिणं म्हणजे कायद्यात नसलेला शब्द त्यात घालणं. तिथे 'अलगीकरण'च हवं.

जाता जाता: संस्कृतात 'विलग्न' म्हणजे चिकटलेला. मराठीने 'विलग'चा अर्थ बरोबर उलटा, सुटा असा केला. 'अलग' मात्र थेट 'अलग्न'मधून, म्हणजे न चिकटलेला, असा आलेला आहे.