डिप्लोमाचा खर्च भरून निघेल का?

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण असून तिला वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा करायचा आहे. त्यासाठी कर्ज काढावे का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : शुल्काबरोबर प्रवास, निवास आणि शिकताना बुडणारी कमाईही खर्चात धरा. मात्र त्याआधी संस्थेची मान्यता तपासा, कारण २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायासाठी नोंदणी आवश्यक केली असून, मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रावर नोंदणी अडते आणि मग स्वस्त शुल्कही महागच पडते. शहरातील दोन-तीन पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत जाऊन नवख्या तंत्रज्ञाला हाती किती पगार मिळतो हे स्वतः विचारा. कर्जाचा हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होत असेल, तर कर्ज कमी करा. घरी राहून, रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या सोलापुरातीलच संस्थेत शिकणे मला अधिक हिताचे वाटते.