प्रेशर साइन्सला मराठीत काय म्हणावं: चिन्हं, खुणा की लक्षणं?

प्रश्न अमेरिकेतल्या एका मराठी माणसाचा आहे. तिथे बरेच शिकारी आणि नेमबाज काडतुसं घरीच भरतात, तसे हेही भरतात आणि त्याबद्दल त्यांना मराठीत लिहायचंय. काडतुसातला दाब जास्त झाल्याचं पुंगळीवर (काडतुसाच्या पितळी कवचावर) किंवा बंदुकीत जे जाणवतं, त्याला इंग्रजीत 'प्रेशर साइन्स' म्हणतात. ते विचारतात की त्याला 'दाबाची चिन्हं' म्हटलं तर चालेल का, आणि एकच भरणी (म्हणजे तीच दारू, तीच गोळी, तेच प्रमाण) एका रायफलीत साइन्स दाखवते, दुसरीत नाही, हे त्या शब्दातून कळेल का.

माझ्या मते चिन्हं नको, लक्षणं म्हणा. चिन्हाचा अर्थ आधीच ठरवलेला असतो, अधिकचं चिन्ह कुठल्याही वहीत अधिकच. लक्षणाचं तसं नसतं, ते बघून आपण अंदाज बांधतो. ताप दोघांना येतो, एकाला हुडहुडी भरते आणि दुसरा कामावर जातो, शिवाय हुडहुडी तापाशिवायही भरते. रायफलीत अगदी हेच होतं.

आता का होतं ते बघा, कारण शब्द त्यावरच ठरतो. एक म्हणजे दाबच खरोखर वेगळा असतो. काडतूस जिथे बसतं त्या चेंबरचं माप कंपनीगणिक थोडं थोडं बदलतं, चेंबरपुढे नळीतले आटे सुरू होईपर्यंतची मोकळी जागा कुठे जास्त कुठे कमी, गोळी आट्यांना आधीच टेकलेली असेल तर दाब झपाट्याने चढतो, नळी आतून घट्ट किंवा खरबरीत असेल तरी वाढतो. त्यामुळे तीच दारू, तेवढीच, तीच गोळी, तरी दाब दोन.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दाब सारखा असूनही तो दिसतो वेगळा. फायरिंग पिनचं (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईचं) भोक जरा मोठं असेल तर साध्या दाबालाही प्रायमरवर (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीवर) पिनच्या खड्ड्याभोवती कडा उठते. चेंबरमध्ये काडतुसाला मागेपुढे जागा जास्त असेल तर प्रायमर आधी मागे सरकतो, मग पुंगळी मागे येऊन त्याच्यावर आदळते आणि तो चपटा होतो, बघणाऱ्याला वाटतं दाब फार झाला. प्रायमरची वाटी एका कंपनीची जाड, एकाची पातळ. पुंगळीचं पितळ मऊ असेल तर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा लवकर उमटतो. चेंबर खरबरीत असेल तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड उचलतो. म्हणजे यातलं बरंचसं त्या बंदुकीच्या प्रकृतीवर आहे, आणि 'प्रकृती' हा शब्द लक्षणांसोबतच शोभतो.

उलट बाजू तर धोक्याची आहे. काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या सामी या अमेरिकन संस्थेने .३०८ विंचेस्टर या काडतुसाला ६२,००० पाउंड प्रति चौरस इंच ही दाबाची मर्यादा दिलीये, आणि जुन्या .४५-७० ला फक्त २८,०००. .४५-७० मध्ये दाब मर्यादेच्या बराच वर गेला तरी पितळ गप्प राहू शकतं, कारण पितळाला स्वतःला तेवढ्याने काही होत नाही, पण १८७३ च्या ट्रॅपडोर स्प्रिंगफील्डसारख्या जुन्या रायफलीला तेवढ्यात इजा होऊ शकते. लक्षणं नाहीत म्हणून रोग नाही असं आपण म्हणत नाही, तेच इथे. 'चिन्ह दिसलं नाही' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला सगळं ठीक वाटेल, म्हणून मी या शब्दाचा एवढा आग्रह धरतोय.

जाता जाता, फारसीत दारू म्हणजे औषध, आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. तेव्हा बंदुकीच्या दारूबरोबर लक्षणं हा वैद्याचा शब्द आला तर मला तो परका वाटत नाही.

'खूण' टाकू नका मात्र. पुंगळीच्या बुडावर जे प्रत्यक्ष उमटतं ती खूण, इजेक्टरची खूण, पिनची खूण. बोल्ट जड उचलणं ही खूण नाही, ते लक्षणच. म्हणजे वाक्य असं होईल: 'पुंगळीवर इजेक्टरची खूण उमटली आणि बोल्टही अडकला, दाब वाढल्याची लक्षणं दिसतायत, भरणी कमी करा.'

आणि हँडलोडिंगला, म्हणजे काडतुसं घरी भरण्याला, नवा शब्द घडवायची गरज नाही. ठासणीच्या बंदुकीत आपल्याकडे बार भरायचेच, 'भरणे' हे क्रियापद तिथूनच तयार आहे. 'घरी भरलेली काडतुसं' म्हणा, कुणालाही कळेल.