वसा कोशिका नाही हो, मेदपेशी!

नागपूरच्याच एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी एमएस्सीला आहे, मूळपेशीची (स्टेम सेल, जिच्यातून वेगवेगळ्या पेशी घडतात ती) चरबीची पेशी होताना शेजारच्या पेशींशी बोलणारी कनेक्झिन नावाची प्रोटीन्स असतात, त्यावर तिला मराठीत लेख लिहायचाय, तर ‘वसा कोशिका’ लिहायचं का ‘मेदपेशी’, अन् कनेक्झिनला काय म्हणायचं.

मेदपेशी. दुसरं काही नाही. इथं सीताबर्डीवर क्लासला जाणारी पोरं सर्रास वसा कोशिका म्हणून राहिली, हिंदी पुस्तकातून जसंच्या तसं उचललेलं, आणि शिकवणारेही दुरुस्त करत नाहीत याचा मला फार राग येतो. मराठी माणसाला वसा म्हटलं की ‘उतू नको मातू नको, घेतला वसा टाकू नको’ आठवतं, पोटाचा घेर नाही! चरबी फारसीतून आली, बोलायला चालते, पण अंगात चरबी आली म्हणजे माज आला, त्यामुळे लेखात नको.

बरं, संस्कृतातली वसा घ्या. आयुर्वेदाचा जुना आचार्य सुश्रुत स्पष्ट सांगतो की शुद्ध मांसातला स्नेह ती वसा, मेद पोटात अन् लहान हाडांत राहतो, आणि मोठ्या हाडांत असते ती मज्जा. आता या मूळपेशी बऱ्याचदा हाडाच्या मज्जेतूनच काढतात, त्यांच्यापासूनच हाड, कूर्चा आणि मेद तयार होतो. मेद-मज्जा इतके शेजारी असताना वसा मधेच काहून आली?

पण खरी गंमत शब्दाच्या मूळ धातूत, म्हणजे क्रियापदाच्या मुळात आहे. ‘मिद्’ धातू, धातुपाठात (संस्कृत धातूंची जुनी यादी) अर्थ दिलाय ‘स्नेहने’, आणि स्नेह म्हणजे तुपातेलाचा ओशटपणाही अन् मायाही. यास्क या प्राचीन पंडितानं निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, ‘मित्र’ शब्दाच्या दोन-तीन व्युत्पत्त्या दिल्यात, त्यातली एक ‘मेदयतेर्वा’, म्हणजे मित्र आला तो मेदाच्याच धातूवरून! आताचे भाषाशास्त्रवाले हे उडवून लावतात, मेये नावाच्या फ्रेंच पंडितानं 1907 मध्ये मित्र म्हणजे मुळात करार असं मांडलं तेव्हापासून बरेच जण तेच धरून बसलेत. अवेस्तातल्या (पारशांचा जुना धर्मग्रंथ) मिथ्रचा अर्थ करार आहे, कबूल. पण आपला मित्र काय स्टॅम्पपेपरवर सही घेऊन येतो का? माझं मत यास्काच्या बाजूनं, आणि ठाम आहे.

या पेशीच बघा ना. कनेक्झिनचे सहा रेणू गोल उभे राहून पेशीच्या आवरणात अर्धी नळी करतात, शेजारच्या पेशीची अर्धी नळी समोरून येऊन भिडते, आणि मधून आयन (विद्युतभार असलेले कण), हजारेक डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) बारके रेणू इकडून तिकडे जातात. कनेक्झिन 43 (साधारण 43 किलोडाल्टनचं म्हणून 43) मेदपेशी घडण्याच्या सुरुवातीला, पेशी पुन्हा विभागतात त्या टप्प्यात लागतं, तेव्हा ही नळी बंद पाडली तर पुढे मेद नीट साठत नाही, आणि एकदा का स्निग्ध थेंब भरत गेले की कनेक्झिन 43 स्वतःच कमी होत जातं. आधी मैत्री, मग मेद. मिद् धातूत हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत, याहून चपखल शब्द कोणता मिळणार हो?

हां, कनेक्झिन राहिलंच. कनेक्झिनच लिहा, पहिल्यांदा येईल तिथं ‘पेशी जोडणाऱ्या नळीचं प्रथिन’ एवढं सांगून द्या. ‘संप्रेषण प्रोटीन’ मात्र मुलीला लिहू देऊ नका.