विद्यापीठाचा संघ आणि खेळाडूंचा मोबदला

प्रश्न : अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात, असे वाचनात आले. या उत्पन्नातून विद्यार्थी-खेळाडूंना काही मिळते का? मुलींच्या खेळांचे काय?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची आसनक्षमताच एक लाखाहून अधिक आहे (हा फुटबॉल अर्थातच अमेरिकन पद्धतीचा, हातात चेंडू घेऊन धावण्याचा). आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी, १९०६ मध्ये स्थापन झालेली 'एनसीएए' ही संस्था खेळाडू हौशीच असला पाहिजे असा आग्रह धरत आली. त्यामुळे प्रशिक्षक गलेलठ्ठ पगार घेत असताना खेळाडूंच्या वाट्याला मुख्यतः शिक्षण व निवास-भोजनापुरती शिष्यवृत्तीच येत असे. ही विसंगती फार उशिरा दूर होऊ लागली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली, तर खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली.

मुलींसाठी १९७२ चा 'टायटल नाइन' हा कायदा आधारभूत आहे. प्रत्येक खेळावर सारखाच खर्च व्हावा असे तो सांगत नाही. मात्र संघीय सरकारचे अनुदान घेणाऱ्या विद्यापीठाला खेळण्याची संधी आणि शिष्यवृत्ती यांत मुलींना डावलता येत नाही. थेट मोबदल्याची वाटणीही याच कसोटीवर व्हावी का, हा सध्याचा खरा वाद आहे.