कापडी हूडच्या जिप्सीला रोल केज कसा असावा?

प्रश्न : माझी कापडी हूडची मारुती जिप्सी आठवडाभर पुणे शहरात चालते आणि सुटीला सह्याद्रीतल्या कच्च्या, दगडगोट्यांच्या वाटांवर जाते. गाडी उलटल्यास जीव वाचावा म्हणून रोल केज, म्हणजे पोलादी पाइपांचा संरक्षक पिंजरा, बसवायचा आहे. फॅब्रिकेटर पुढच्या काचेपासून मागपर्यंत पूर्ण पिंजरा करण्याचा आग्रह धरतो. ते योग्य होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत पूर्ण पिंजरा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शर्यतीच्या गाडीत तो शोभतो, कारण तिथे चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि दोन्ही खांद्यांवरचे पट्टे त्याला आसनाशी जखडून ठेवतात. तुमच्या गाडीतला नेहमीचा पट्टा एकाच खांद्यावरून जातो. धडकेत डोके पुढे आणि बाजूला बरेच झेपावते. अशा वेळी काचेच्या चौकटीलगतचा किंवा दाराच्या वरून गेलेला पाइप उघड्या कवटीपासून वीतभर अंतरावर असेल, तर गाडी न उलटताही, चौकातल्या साध्या धडकेत तो जीवघेणा ठरू शकतो. पाइपावर घट्ट, ऊर्जा शोषणारे पॅडिंग अवश्य लावावे, मात्र ते हेल्मेटची जागा घेत नाही.

तुमच्यासाठी पुढच्या आसनांमागे एक रुंद कमान, तिच्यात एक तिरका पाइप आणि मागे उतरणारे दोन आधार एवढी रचना मला पुरेशी वाटते. मागचे आधार उभ्या रेषेशी निदान ३० अंशांचा कोन करणारे असावेत. कमान पुरेशी उंच आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्या माथ्यापासून बॉनेटच्या पुढच्या टोकापर्यंत दोरी ताणावी. पुढे बसलेल्या सर्वांत उंच माणसाचे डोके त्या दोरीच्या खालीच राहिले पाहिजे. मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांची डोकी मात्र या आधारांजवळ येतात, म्हणून केज बसवल्यावर तिथे कोणालाही बसवू नये.

मुख्य कमानीसाठी एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा, न तापवता ओढून बनवलेला (कोल्ड ड्रॉन), बिनसांध्याचा पोलादी पाइप किंवा ५० मिमी व्यासाचा २ मिमी जाडीचा पाइप सांगितला आहे. तोच आधार धरावा. पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप कधीही वापरू नये. यातल्या पहिल्या पाइपाचे वजन मीटरला सुमारे २.६ किलो भरते, आणि उंचावर वाढवलेला प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य वर नेऊन उलटण्याचा धोका वाढवतो. जास्त पाइप म्हणजे जास्त सुरक्षा नव्हे, याचे हे दुसरे कारण.

केजचे पाय नुसत्या पातळ पत्र्यावर टेकवले, तर गाडी उलटताना ते पत्रा फाडून खाली जातात. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना किमान ३ मिमी जाडीच्या रुंद प्लेटा देऊन ८.८ दर्जाचे (जास्त ताकदीचे) बोल्ट वापरावेत. बॉडी रबरी बुशांवर चासीपासून (खालच्या पोलादी सांगाड्यापासून) वेगळी हलत असल्याने केज दोहोंना एकाच वेळी कडक जोडू नये, जोड तडकतात.

काम सुरू करण्याआधी आराखडा घेऊन आरटीओकडे जावे आणि परवानगी लेखी घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विम्याचा दावा अडू नये म्हणून विमा कंपनीलाही आधीच कळवावे.